पणजीची जबानी

आमच्या घराण्याचा इतिहास मी शोधून काढला. घरच्यांनी तो कामापुरता वापरला आणि उरलेला गुंडाळून ठेवला. मी शाळेत इतिहास शिकवत होते म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, एरवी आमच्यात जमिनीचं बोलणं निघालं की लेकींना चहा टाकायला आत पाठवतात.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आमचं गाव खाडीच्या काठाला, आता ज्याला सगळे सीवूड्स म्हणतात त्याच्या मागच्या अंगाला. तेव्हा सीवूड्स हा शब्द बिल्डरांच्या पाट्यांवर नुकता दिसायला लागला होता आणि आमची म्हातारी माणसं तो उच्चारताना हसायची. भातशेती आणि मिठागरं नव्या शहरासाठी कधीच गेली होती. ज्यांच्या गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळणार होती, आणि त्यासाठी मूळ जमिनीशी आपलं नातं कागदावर दाखवावं लागत होतं. घरोघरी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. ज्या आजोबांचा भिंतीवर साधा फोटो नव्हता त्यांचे मृत्यूचे दाखले शोधायला लोक तालुक्याला खेपा घालायला लागले. पूर्वजांवर इतकं प्रेम आमच्या गावात त्याआधी मी पाहिलं नव्हतं.

बाबा, काका आणि आत्या ही तीन भावंडं. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते, काका गावातच किराणा मालाचं दुकान चालवायचे. आत्या दोघांहून मोठी. तिला खाडीपलीकडं उलव्याच्या बाजूला दिली होती. मूलबाळ व्हायच्या आधीच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. माझ्या आईची तब्येत सदा नरम, त्यामुळं मला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं आत्यानंच केलं. काकांची मुलंही तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. ती मागच्या पडवीत झोपायची. पडवीची एक बाजू उघडी होती, तिथं गोणपाट बांधलेलं असायचं. आतून कडी घालता येईल अशी एक खोली, एवढंच तिचं आयुष्यातलं मागणं होतं. बाबा म्हणायचे, प्लॉट मिळू दे, पहिली खोली तुझी. ते हे मनापासून म्हणतात असं मला वाटायचं.

अर्जाला वंशावळ जोडायची होती. बाबांनी आणि काकांनी ती एका बैठकीत लिहून काढली, कारण ती त्यांना पाठच होती. आमच्याकडं पितृपाखात पान वाढताना पूर्वजांची नावं मोठ्यानं घ्यायची रीत आहे. बाप, आजा, पणजा. दरवर्षी कौलांवरच्या कावळ्याला बोलावताना घेतलेली नावं, तीच त्यांनी एकाखाली एक उतरवली. सातबारावर अजून ज्या जुन्या माणसाचं नाव होतं तो बाबांचा पणजा, त्याचा मुलगा म्हणजे माझे पणजोबा, आणि त्यांचा मुलगा आजोबा. अर्ज गेला, आणि लगोलग गावातल्याच दुसऱ्या एका घरानं हरकत घेतली. आडनाव आमचंच, गावात निम्म्या घरांचं तेच आहे. त्यांचं म्हणणं असं, की सातबारावरचा माणूस आमचा पूर्वज, त्याला दोनच मुलगे होते आणि ह्यांचा आजा त्यांतला नव्हे. तो बाहेरून आलेला माणूस. ह्यांनी खोटी वंशावळ दिली आहे.

बाबा साडेबारा टक्क्यांच्या ऑफिसात साहेबांपुढं उभे राहून म्हणाले, "साहेब, ही नावं आमी पितरांम्होरं घेताव. पितरांशी कोन खोटा बोलंल?" साहेब समजूतदार होते. त्यांनी सांगितलं, पितरांचं मला मान्य आहे, पण मला कागद लागेल. कोर्टाचा असला तर उत्तम.

बाबा घरी आले आणि ट्रंकेतले सगळे कागद पुन्हा उपसून बसले. त्यांनी मुद्दाम काही खोटं लिहिलं नव्हतं, हे मी आजही सांगते. त्यांना लहानपणापासून जे ऐकवलं गेलं तेच त्यांनी लिहिलं होतं. चूक त्यांच्या आधीच्या कुणीतरी करून ठेवली होती.

मला पहिला धागा दिला तो आत्यानं. मागच्या दारी जवळा निवडत बसली होती. सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आमची आजी कोरटात गेलेली गो बाय. मचव्यातून. भाकर बांधून. आपला बाप तवा तिच्या अंगावर पीत व्हता." आपला बाप म्हणजे माझे आजोबा, आणि मचवा म्हणजे खाडीतली शिडाची होडी.

"कुणावर केस होती?"

"भावांवर. तिच्या सख्ख्या भावांवर. आय सांगायची, पन बाप घरात आला का गप व्हायची."

"का गप्प व्हायची?"

आत्यानं जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकला. "ता मना काय ठाव. पोरींना कोन सांगतंय?"

एवढ्या भांडवलावर मी रजा टाकून जिल्ह्याच्या कोर्टात गेले. रेकॉर्ड रूम म्हणजे एक लांब, अंधारी खोली. मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि खिडकीच्या वर एक पंखा, जो कागद उडू नयेत म्हणून बंदच ठेवलेला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "दाव्याचा नंबर?" म्हटलं, माहीत नाही. "साल?" तेही माहीत नाही. "मग काय माहीत आहे, मॅडम?" मी म्हटलं, बाई मचव्यातून आली होती. तो हसला, जुन्या दाव्यांची रजिस्टरं माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाला, "बसा. टेन्शन नका घेऊ. फक्त आता मला काही विचारू नका." आणि त्यानं खरोखरच शेवटपर्यंत मला काही विचारू दिलं नाही.

आजोबा अंगावर पीत होते, म्हणजे त्यांच्या वयावरून साल साधारण धरता येत होतं. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची रजिस्टरं मी चाळायला घेतली. वर्गात मुलांना साधनं, पुरावे असे शब्द मी रोज सांगायचे. इथं पुरावा म्हणजे कसरीनं खाल्लेलं पान होतं, जे उलटताना श्वास धरावा लागत होता. वादी कोण, प्रतिवादी कोण, गाव कोणतं, दावा कशाबद्दल. पणजोबांचं नाव मी वादीच्या रकान्यात शोधत होते. कितीतरी खेपा झाल्या, मिळेना. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की केस त्यांनी केलेलीच नव्हती. ती बाईनं केली होती, आणि त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं.

घरी येऊन विचारलं. बाबांना माहीत नव्हतं. काकांना नव्हतं. आत्यालाही नव्हतं, ती तिला आजी म्हणायची. पितृपाखातल्या पानावर बाईचं नाव घेत नाहीत, मग ते राहणार कुठं? बायकांची नावं जुन्या रजिस्टरात नवऱ्याच्या नावासकट लिहिलेली असतात, अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. तेव्हा मी नवऱ्याच्या नावावरून बायको शोधायला लागले आणि ती सापडली. छान ठसठशीत नाव होतं. ते इथं लिहावंसं फार वाटतं, पण ह्या आठवणींत कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिच्या बाबतीत ह्या नियमाचा मला राग येतो.

दावा पुढं अपिलात गेला होता, म्हणून कागद फारसे नष्ट न होता टिकले होते. निकाल इंग्रजीत होता. तिची जबानी मात्र बाळबोध अक्षरात, मराठीत. मी ती तिथल्या लाकडी बाकावर बसून वाचली आणि मला रडू आलं. कारकून एकदा माझ्याकडं पाहून पुन्हा आपल्या जेवणाच्या डब्यात बघायला लागला.

जबानीत ती म्हणत होती, की तकरारी जमीन माझे बापाने मला चोळीबांगडीस दिली. माझा नवरा माझे बापाचे घरी राहण्यास आला हे खरे आहे. जमिनीत खारे पाणी येत असे, बांध मी व माझे नवऱ्याने घातला. बाप मेल्यावर भावांनी जमीन सोड म्हणून सांगितले. मी सोडली नाही. पुढं भावांच्या वकिलानं उलट विचारलेलं होतं आणि त्याला तिची उत्तरं होती. भाऊ मला सणास नेत नाहीत हे खरे. माझे बाळंतपणात त्यांचे घरचे कोणी आले नाही. दावा काढून घेशील तर नेऊ असे ते म्हणतात. मी दावा काढून घेणार नाही. खाली सहीच्या जागी शाईनं काढलेलं एक वाकडं वर्तुळ आणि बाजूला कारकुनाच्या हाताचं, निशाणी बांगडी.

ती जिंकली होती. खाली जिंकली, अपिलात जिंकली. हुकूमनामा तिच्या हातात पडला, पण तलाठ्याकडं जाऊन नोंद करायचं कुणाला सुचलं नाही आणि सातबारावर तिच्या बापाचंच नाव राहिलं. पुढं तिच्या मुलाला घरजावयाचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली असणार. त्यानं आपल्या बापाला आईच्या बापाचा मुलगा करून टाकलं आणि पितरांपुढंही तसंच म्हणायला सुरुवात केली. एवढं साधं होतं. एका पुरुषाची अब्रू झाकायला एक बाई घराण्यातून गेली, आणि तिच्याच जमिनीवर बसून आम्ही दरवर्षी कावळ्याला हाका मारत राहिलो.

नक्कल हातात पडायला वेळ लागला. ती घेऊन मी घरी गेले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमची सगळी जमीन एका लेकीच्या हक्कानं आलेली आहे, हे कोर्टाच्या शिक्क्यानिशी सिद्ध झालं होतं. आता आत्याला कोण नाही म्हणणार? आजोबांची मुलगी म्हणून कायद्यानंही ती वारस होतीच.

बाबांनी नक्कल ऐकली आणि पहिल्यांदा कपाळाला हात लावला. "घरजावयाची पोरं म्हनतील आमाला. गावात काय तोंड दाखवायचा?" काकांना मात्र चटकन उमगलं. ते म्हणाले, "म्हनू दे. जमीन आपली ठरली ना?" अर्ध्या तासात बाबांचाही चेहरा खुलला. साहेबांनी हुकूमनामा पाहिला, हरकत फेटाळली गेली, आणि नवी वंशावळ मागवली. नव्या वंशावळीत पणजीचं नाव सगळ्यांच्या वर आलं. ते लिहिताना काकांनी मला दोनदा विचारलं, कारण ते अजून त्यांच्या तोंडात बसलं नव्हतं.

वंशावळीत मुलीही दाखवाव्या लागतात. म्हणून आत्याचं नाव आलं, आणि ते आल्याबरोबर ते काढायची तयारी सुरू झाली.

हक्कसोडपत्र हा शब्द त्या वर्षांत आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होता. बहिणींनी भावांना लिहून द्यायचं, की आमचा काही हक्क नाही, आम्हाला काही नको. नोंदणीच्या ऑफिसाबाहेर बायकांची रांग लागलेली असायची, आणि कोण कशाला आली आहे ते लांबून कळायचं, कारण भावानं घेतलेली नवी साडी नेसूनच त्या येत. लोक तिला हक्कसोडीची साडी म्हणायचे आणि हसायचे. बहिणीही हसायच्या. ज्या सही करत नसत त्यांच्याबद्दल मात्र गावात हलक्या आवाजात बोललं जायचं, जसं पळून गेलेल्या पोरीबद्दल बोलतात.

मी बाबांशी भांडले. इतकी भांडले की आईनं पुढचं दार लावून घेतलं. म्हटलं, ज्या कागदावर तुम्हाला प्लॉट मिळतोय तो कशाचा आहे ते एकदा वाचा. भावांनी बहिणीची जमीन लाटायचा प्रयत्न केला, आणि कोर्टानं त्यांना ती लाटू दिली नाही. तुम्ही आता त्या भावांच्या जागी उभे आहात. बाबा म्हणाले, "तू शिकलीस ना, मंग तुना कलाला पायजे. त्यांनी दिलं नाय, म्हनून केस झाली. आमी कुठं नाय म्हनतंव? खोली देनार हाव ना तिला." मी विचारलं, मग तिचं नाव राहू दे की. त्यावर ते म्हणाले, नाव राहिलं की उद्या तिच्या सासरची माणसं येतील. सासरच्यांनी इतक्या वर्षांत तिला साधं पाणी विचारलं नव्हतं, पण आमच्या घरात ती माणसं एकदम फार महत्त्वाची झाली.

मग मी आत्याकडं गेले. माझी खात्री होती, की जबानी ऐकली की ती सही करणार नाही. पडवीत तिच्याजवळ बसून मी सगळी वाचून दाखवली, अवघड शब्द सोडवून सांगितले. ती तल्लीन होऊन ऐकत होती. बांध मी घातला हे आलं तेव्हा हसली. सणाला नेत नाहीत हे आलं तेव्हा म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. बाळंतपणात कुणी आलं नाही, हेही तिनं दोनदा वाचून घेतलं.

"जितली ना गो ती?" तिनं विचारलं.

"हो. दोन्ही कोर्टांत."

"मंग भाव आले का तिच्याकडं परत?"

मी म्हटलं, ते कागदात नाही.

"नाय आले," आत्या म्हणाली. "आले असते तर आय बोलली असती." मग म्हणाली, "तिला नवरा व्हता बाय. पोर व्हता मांडीवर. मना कोन हाय? हे दोगंच हायेत."

मी चिडले. म्हटलं, ती एकटी मचव्यातून गेली आणि तू चार पावलं चालून नाही म्हणू शकत नाहीस? हे मी बोलायला नको होतं असं अनेकजण म्हणतील. मला अजूनही तसं वाटत नाही. माझा राग तिच्यावर नव्हताच, पण समोर तीच होती.

जी जबानी मी तिला बळ यावं म्हणून वाचली, तिनंच तिचा निर्णय पक्का केला. दोन कोर्टांत जिंकलेल्या बाईला काय गमवावं लागलं, एवढंच तिनं त्यातून उचललं. इतिहास वाचणाऱ्याला काय घ्यायचं ते आपण सांगू शकत नाही, हे मला माझ्या पेशानं शिकवायला हवं होतं, पण ते मी त्या पडवीत शिकले.

तिनं अंगठा दिला. मोरपंखी साडी होती. अधिकाऱ्यानं विचारलं, समजून देताय ना? ती म्हणाली, हो. परत येताना काकांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि बाबा तिला म्हणाले, "ताय, तुना काय आमी वाऱ्यावर सोडनार हाव का?" ती लाजल्यासारखी हसली. तिला इतकं महत्त्व त्या घरात त्या दिवसाआधी कधी मिळालं नव्हतं.

प्लॉट मिळाला, बिल्डर आला, इमारत उभी राहिली. आत्याची खोली नकाशात होती, तळमजल्यावर, पार्किंगच्या मागं. मी स्वतः बोट ठेवून तिला दाखवली होती. काम पुरं होता होता बिल्डर म्हणाला, सोसायटीला ऑफिस लागेल. खोलीत टेबल आलं, भिंतीवर मीटरचा फळा आला. बाबा आणि काका वरच्या फ्लॅटांत राहायला गेले आणि गावातलं जुनं घर पाडून तिथं भाड्याच्या खोल्या बांधल्या, म्हणजे पडवीही गेली. थोडे दिवस आत्या आमच्याकडं हॉलमध्ये झोपली. मग माझ्या भावाचं लग्न होऊन वहिनी आली, हॉल कमी पडायला लागला. एक दिवस बाबा मला म्हणाले, "तिचा सासरचा घर हाय ना उलव्याला. हक्काचा हाय तो तिचा." हक्क हा शब्द त्यांनी वापरला.

ती होडीतून गेली, नवऱ्याच्या पुतण्याच्या घरी. तिथंही तिला पडवीच मिळाली. मी मधूनमधून जायचे. ती भावांबद्दल एक वाकडा शब्द काढायची नाही, आणि मी काढला तर विषय बदलायची.

त्या दशकातल्या शेवटच्या काही दिवाळ्यांपैकी एका भाऊबीजेला मी बाबांकडं गेले होते. दुपारी दाराची बेल वाजली. आत्या होती. हातात पिशवी, पिशवीत ताट, निरांजन, करंज्यांचा डबा. होडी, मग रिक्षा, मग जिने, दम लागला होता. काकांच्या दाराला कुलूप होतं, ते सहकुटुंब कुठं फिरायला गेले होते. बाबांना तिनं ओवाळलं. बाबांनी आतून एक तयार पुडकं आणून तिच्या ताटात ठेवलं, चहा झाला. मी हळूच विचारलं, तुला बोलावलं होतं का? ती म्हणाली, "भावाकडं यायला बोलावना कनाला पायजे?"

निघताना बाबा दारापर्यंत आले. गोड आवाजात म्हणाले, "ताय, म्होरल्या साली यायच्या आधी फोन कर. आमी पन भायेर असताव कवा कवा." ती म्हणाली, हो, करीन.

जिना उतरताना तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "तुज्या बाबाचा नंबर काय हाय गो?" मी नंबर सांगितला. तिनं तो पाठ करायला घेतला, प्रत्येक पायरीवर एक आकडा. तिला फोन लावता येत नव्हता आणि पुतण्याच्या घरात फोन नव्हता. खाली पोचेपर्यंत तिला तो सगळा पाठ झाला होता.